पाणी सोडलं

“कोपराने पाह्य, कमलिनी. हाताचं ऐकू नको. आपला हात कामाने निबर झालेला असते, त्याले चटका समजत नाही. दुखऱ्या माणसाले समजते.”

शेक-मालीशच्या केंद्रात तिला काम शिकवणाऱ्या शेवंताबाई निवृत्त होऊन गावी गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती, पण रोज सकाळी टबापाशी वाकताना कमलिनीला त्यांचं हे बोलणं ऐकू येई. मग ती बाही वर सरकवायची, कोपर पाण्यात बुडवायची, डोळे मिटून मनात पाच अंक मोजायची. पाणी मायेचं वाटलं की पहिल्या माणसाला आत यायला सांगायची.

त्या सोमवारी माघातली थंडी होती. टबातून वाफ निघत होती आणि खिडकीच्या काचा दुधाळ झाल्या होत्या. कमलिनीचा चौथा अंक मोजून होत होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

“कोपर धुतला होता काय?”

तिने वळून पाहिलं. दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत, डाव्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी. बोलण्यात उर्मटपणा नव्हता. दूध आजचं आहे ना, असं दुकानात विचारतात तसं त्याने विचारलं होतं.

कमलिनी पाचला उठायची. आंघोळ, तुळशीला पाणी, देवांची पूजा, एक स्तोत्र आणि मगच घराचा उंबरठा. सोमवारी तर पोटात कणही नसायचा. अशा बाईला ती धुतलेली आहे का, हे अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारत होतं.

“धुतला होता,” ती हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज रागातही हळूच असे. “तुमचा हात धुतला काय?”

“धुतला. पण मी तो यात नाही घालत.”

तो पुढे आला. डाव्या हाताचं बोट त्याने टबाच्या काठाखालून, जिथे नजर जात नाही तिथून फिरवलं आणि तिच्यासमोर धरलं. बोटावर करडं, बुळबुळीत काहीतरी होतं. कमलिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“हे पाणी आज सकाळी भरलं आहे,” ती म्हणाली.

“पाणी ताजंच आहे, बाई. टब शिळा आहे.”

त्याचं नाव अरुणकुमार. राहायला भिलाई-तीनला, रेल्वे क्वार्टरच्या मागच्या गल्लीत, आईबरोबर. नोकरी प्लांटच्या, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात, प्रयोगशाळेत. स्कूटरवरून पडून मनगट मोडलं होतं, प्लास्टर निघालं पण मनगट वळेना, म्हणून डॉक्टरांनी गरम पाण्यातल्या व्यायामाला पाठवलं होतं. हे सगळं चिठ्ठीवर नव्हतं. दोन दिवसांत तेजरामने, म्हणजे केंद्राच्या चौकीदाराने, न विचारता पुरवलं.

सेक्टर पाचमधलं ते केंद्र लहानसंच होतं. एका ट्रस्टचं. प्लांटमध्ये कंबर धरलेली, गुडघे गेलेली, खांदे अवघडलेली माणसं तिथे यायची. टब होता तो फार पूर्वी प्लांट उभारायला आलेल्या परदेशी इंजिनिअरांच्या एका पाहुणेघरातला. छातीइतका खोल, दोन माणसं उभी राहतील एवढा लांब, स्टीलचा. त्याला एकच खोड होती. तळाच्या भोकाचं झाकण कधीचं गच्च बसलं होतं, आणि त्याचे आटे इतके वेगळे की इकडचा कुठलाच नळ, कुठलीच चावी त्याला लागत नव्हती. त्यामुळे टबात पाणी भरता यायचं, पण काढायचं तर बादलीने.

आणि कमलिनी ते रोज काढायची. शंभराच्या वर बादल्या. संध्याकाळी रिकामा, सकाळी भरलेला. तेजराम निम्म्या बादल्या उचलायचा, निम्म्या ती. कारण रात्र उलटलेलं पाणी शिळं, आणि शिळं पाणी देवाला नाही तसं माणसालाही द्यायचं नाही, हा तिचा नेम होता.

तिसऱ्या दिवशी अरुणकुमार मुद्दाम संध्याकाळी आला. ती बादल्या उपसत होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, केसांची एक बट गालाला चिकटलेली. तो दारात उभा राहून बघत राहिला. बट मागे सारावी एवढीही सवड तिला नव्हती...

“तुमी हे रोज करून राहिले?” त्याने विचारलं.

“रोज.”

“कावून?”

तिने शिळ्या पाण्याचं सांगितलं. तो हसला नाही. तेच तिला आधी बरं वाटलं. तो विचारात पडला, आणि म्हणाला, “तुमच्या देवघरात गंगेच्या पाण्याचा गडू असन न?”

“आहे. आईने काशीहून आणला होता.”

“किती वर्षं झाले?”

“बारा.”

“मग ते शिळं नाही झालं?”

“ते गंगेचं आहे.”

“ते झाकलेलं आहे, बाई. त्यात कोणाचा हात गेला नाही, तेल गेलं नाही, म्हणून ते तसंच राहिलं. रात्र पाण्याले शिळं नाही करत. माणूस करते.”

कमलिनीने पुढची बादली उचलली. तिला राग आला, आणि त्या रात्री जेवताना आपण त्याचं वाक्य दोनदा मनात म्हटलं हे लक्षात आल्यावर आणखी आला.

आता हे सांगायला हवं की त्या दिवसांत तिच्यापुढे दोन प्रश्न उभे होते आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते. ट्रस्टच्या सभेत ठरलं होतं की उन्हाळ्यात रोज एवढं पाणी ओतणं परवडायचं नाही. टब आठवड्यातून एकदाच भरला जाईल, नाहीतर बंद होईल. आणि घरी वडिलांकडे, भय्याजींकडे, वर्ध्याचं स्थळ आलं होतं. मोहन नगरच्या कृष्णरावांनी आणलेलं. मुलगा पाटबंधारे खात्यात कारकून, माणसं चांगली. शिवरात्रीनंतरच्या मंगळवारपर्यंत त्यांना होकार की नकार ते कळवायचं होतं.

कमलिनीला वर्ध्याला जायचं नव्हतं. तिला हा टब सोडायचा नव्हता, वाकलेल्या माणसांना सरळ चालत घरी जाताना बघणं सोडायचं नव्हतं, आणि प्लांटच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेल्या, विधुर वडिलांना एकटं टाकायचं नव्हतं. पण टबच बंद झाला तर भिलाईत राहण्याला ती कारण काय सांगणार होती? भय्याजी तर स्पष्टच म्हणाले होते, “माझ्यासाठी थांबू नको, पोरी. आर्वीच्या वावरावर मी भावांसाठी पाणी सोडलं, त्याचं मले दुःख नाही. पण तू माझ्यापायी तुझ्या संसारावर पाणी सोडशील, तर मले सहन नाही होणार.”

दुसऱ्या दिवशी तिने अरुणकुमारला वर्ध्याचं सोडून सभेचं सगळं सांगितलं. का सांगितलं, ते तिलाही नीट कळलं नाही. त्याने ऐकून घेतलं, गळ्यातली पट्टी सैल केली, आणि म्हणाला की चार शनिवार द्या. आठवडाभर एकच पाणी ठेवू. दर शनिवारी तो स्वतः येऊन टब रिकामा करेल आणि घासेल. या चार आठवड्यांत एकाही माणसाला खाज सुटली, एकदा जरी पाण्याला वास आला, तर आयुष्यभर तिच्या बादल्या तो उपसेल.

“आयुष्यभर?” तिने विचारलं.

“हात बरा झाल्यावर,” तो म्हणाला. पण ‘आयुष्यभर’ हा शब्द त्याने परत घेतला नाही.

मग केंद्रात नवे नियम आले. तोपर्यंत माणसं आधी तिळाच्या तेलाची मालीश करून घेऊन मग पाण्यात उतरत. आता मालीश नंतर. आधी साबणाने आंघोळ, पाय घोट्यापर्यंत घासून. फडक्यात कापूस बांधून केलेला एक गोळा पाण्यावर तरंगत ठेवायचा, म्हणजे उरलंसुरलं तेल तो शोषून घेतो. संध्याकाळी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं टबात ओतायचं. वर लाकडी झाकण. सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. लिंबाच्या सरबताइतकं फिकट पिवळं झालं तर ठीक. पिवळं झालंच नाही तर पावडर कमी पडली, गडद झालं तर जास्त झाली. नळी आणि औषध त्याने आपल्या साहेबांना सांगून आणलं होतं.

“रोज पूजेनंतर हे,” तो म्हणाला.

“पूजेनंतर नाही, पूजेसारखं,” ती म्हणाली. आणि खरंच ती नळी उजेडात धरताना तिचा चेहरा निरांजनासमोर असतो तसा होई. अरुणकुमार मनगट गरम पाण्यात वळवत तिकडे बघत राही. व्यायाम दहा वेळा सांगितलेला असे, तो पंधरा-सोळा वेळा करी.

“मोजता येत नाही काय?” ती विचारायची.

“येते. पण चुकते. समोर कोणी उभं असलं की चुकते.”

“मग भिंतीकडे तोंड करा.”

तो भिंतीकडे तोंड करायचा आणि मोठ्याने मोजायचा... आणि सातनंतर नेमका पुन्हा पाच म्हणायचा. कंबरेसाठी येणारा म्हातारा फकिरा एकदा काठी टेकत म्हणाला, “सिस्टर, या साहेबाचा हात तर कधीचा बरा झाला, आता याच्या डोक्याले शेक द्या.” त्या दिवशी कमलिनी खिडकीकडे वळून हसली, म्हणजे ती हसली हे फक्त पपईच्या झाडाने पाहिलं.

पहिल्या शनिवारी तो लांबलचक रबरी पाइप घेऊन आला. केंद्राची इमारत उंच जोत्यावर होती, तीन पायऱ्या वर. टबाजवळच्या खिडकीखाली बाग होती, ती तेवढीच खाली. त्याने पाइप नळाला लावून पाण्याने तोंडोतोंड भरला आणि दोन्ही टोकांवर अंगठे दाबायला सांगितले. एक टोक तिने टबाच्या तळाशी बुडवून धरायचं, दुसरं तो खिडकीतून बाहेर नेऊन बागेत जमिनीला टेकवणार. मध्ये हवा शिरली नाही तर पाणी आपल्या वजनानेच काठ चढून खाली उतरतं. ओढायचं नाही, उपसायचं नाही. फक्त अंगठा काढायचा.

“सोडा,” खिडकीबाहेरून आवाज आला.

तिने पाण्याखाली अंगठा उचलला. पाइप एखाद्या जनावरासारखा थरथरला आणि बाहेर पाणी पडल्याचा आवाज झाला. चार वर्षं तिने हे पाणी कंबरेने काढलं होतं. आता ते तिच्या डोळ्यांसमोर, तिने काही न करता, बोट-बोट उतरत होतं. खिडकीतून तो वर बघत होता, ती खाली. शुक्रवारी पावडर न घातल्यामुळे पाण्यातलं औषध उडून गेलं होतं, त्यामुळे ते सरळ पपईच्या आळ्यात गेलं.

“इतकं सोपं होतं?” ती म्हणाली.

“सोपंच असते. फक्त दोन टोकं पाहिजे. एकाकडून होत नाही.”

तिने पाइपाकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. पण ऐकू आलं होतं.

दुसरा शनिवार झाला, तिसरा झाला. दर शनिवारी ती ‘सोडा’ या एका शब्दाची वाट बघू लागली. कोणाला खाज सुटली नाही, वास आला नाही. ट्रस्टच्या सचिवांनी स्वतः येऊन, चष्मा पुसून, टबाच्या तळाचं झाकण दिसतं का ते पाहिलं. दिसलं. टब राहणार हे नक्की झालं. आता फक्त वर्ध्याचं राहिलं होतं.

तिसऱ्या शनिवारी टब घासून होत आला तेव्हा तिने ते त्याला सांगितलं. सरळ सांगितलं, आडून बोलणं तिला यायचं नाही. स्थळ आहे, शिवरात्रीनंतरच्या मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. अरुणकुमारच्या हातातला ब्रश थांबला. त्याने तो धुऊन उलटा ठेवला. मग म्हणाला की पुढच्या शनिवारी त्याला तिच्याशी बोलायचं आहे, त्याआधी आईशी बोलायचं आहे.

पुढच्या शनिवारी महाशिवरात्र होती. केंद्र बंद. शिवरात्रीला उपास करून अनवाणी देवबलोद्याच्या शिवमंदिरात जायचं, हा कमलिनीचा आई गेल्यापासूनचा नेम. तिने सांगितलं की ती चारपर्यंत परत येईल. तो म्हणाला, सुट्टी माणसांना असते, पाण्याला नसते. तो तेजरामला हाताशी घेऊन टब रिकामा करेल आणि चारपर्यंत तिथेच थांबेल.

“नक्की थांबाल?”

“थांबतो,” तो म्हणाला.

देवबलोद्याला जत्रा होती. रांग देवळाबाहेर कुंडापर्यंत गेलेली. कमलिनीने पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवापुढे हात जोडून तिला काय मागावं ते शोधावं लागलं नाही. परतताना बसला गर्दी, त्यामुळे केंद्राच्या फाटकाशी पोचायला तिला पाच वाजून गेले. फाटकाला कुलूप होतं. तेजरामने तिच्या हातात घडी घातलेला कागद ठेवला. साहेब दोन-अडीच तासांपूर्वीच गेले, असं तो म्हणाला. कसे गेले, तिने विचारलं. तेजरामने विचार करून सांगितलं की मान खाली घालून, भराभरा.

कागदावर तीन ओळी होत्या. अक्षर पाचवीतल्या मुलाचं वाटावं तसं.

‘पाणी सोडलं. माझी वाट पाहू नका. सोमवारी नवीन पाहून घ्या.’

कमलिनीने ते फाटकाशी उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा वाचलं. तळव्यांना दिवसभर न जाणवलेले खडे तेव्हा टोचू लागले. पाणी सोडलं. म्हणजे त्याच्या आईने नाही म्हटलं असेल, आणि याने हक्क सोडून दिला. वडिलांनी वावरावर सोडलं तसं. वाट पाहू नका, हे तरी त्याने भलेपणाने लिहिलं. पण नवीन पाहून घ्या? ती शेवटची ओळ तिच्या फार जिव्हारी लागली. वर्ध्याचा पाहून घ्या, असंच ना?

ती रडली नाही. घरी गेली, रात्री नामस्मरण केलं, सकाळी आंघोळ करून पारणं फेडायला बसली.  पहिल्याच घासाला तिने ताट बाजूला सारलं, आणि एक कागद घेतला.

‘आपली चिठ्ठी मिळाली. मीही पाणी सोडलं आहे.’

तेजराम दर रविवारी बहिणीकडे भिलाई-तीनला जायचा. त्याच्या हाती तिने ती चिठ्ठी दिली. मग वडिलांसमोर येऊन तिने, जणू भाजी कोणती करू हे विचारावं तितक्या शांतपणे सांगितलं की वर्ध्याला होकार लिहून टाका. भय्याजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.  पोस्टकार्ड काढलं, लिहायला बसले, आणि बराच वेळ लिहीत राहिले.

सोमवारी सकाळी कमलिनी नेहमीच्या वेळी केंद्रात गेली. दुःख होतं, पण नऊ वाजता फकिरा येणार होता आणि त्याची कंबर कोणाच्या दुःखासाठी थांबणार नव्हती. तिने खोली उघडली, टबाचं झाकण सरकवलं.

टब कोरडा होता. कोरडा आणि इतका लख्ख की तिला तळाशी आपला चेहरा दिसला. काठाखालची जागा तिने बोटाने चाचपली. बोट स्वच्छ निघालं. घासायचा ब्रश धुऊन उलटा ठेवलेला. पाइप खिडकीखाली गुंडाळून ठेवलेला.

कमलिनी स्टुलावर बसली. पाणी सोडलं... टबाचं. वाट पाहू नका, कारण तो थांबू शकला नव्हता. सोमवारी नवीन... पाणी. पाहून घ्या, म्हणजे पिवळं होतं का ते नळीत बघून घ्या. तिन्ही ओळी तिच्या डोळ्यांपुढे एकेक करून उलट्या झाल्या. आणि मग तिला आपण काय लिहून पाठवलं ते आठवलं, आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तशीच ती बसली असताना दार धाडकन उघडलं.

“तीनदा घासला होता मी,” अरुणकुमार म्हणाला. श्वास लागला होता त्याला. मनगटाला पुन्हा पट्टी बांधलेली. “एकदा सोड्याने, दोनदा नुसत्या पाण्याने. तेजरामले विचारा. पुन्हा भरून पुन्हा सोडायचं काय कारण होतं? एवढा विश्वास नाही माझ्यावर?”

कमलिनीने तोंडावरचे हात काढले. हसू दाबताना तिचे डोळे भरून आले होते.

“मी टब भरलाच नाही,” ती म्हणाली.

“मग सोडलं काय?”

ती उठली. पिशवीतून त्याची चिठ्ठी काढून तिने त्याच्यापुढे धरली. “वाचा. मोठ्याने.”

त्याने वाचलं. मग तिच्याकडे बघितलं. त्याला काही कळलं नव्हतं. “बरोबर तर आहे. दुपारी कामावरून बोलावणं आलं, माझ्या जागी जो होता त्याले ताप आला. घासून हात इतका दुखत होता की तीन ओळीच्या वर पेन चालेना.”

“मराठीत ‘पाणी सोडलं’ म्हणजे काय, ठाऊक आहे तुमाले?”

“पानी छोड़ दिया. दुसरं काय?”

“शाळा कोणती तुमची?”

“हिंदी.”

“मराठीत,” कमलिनी सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला. ती आता आपली नाही. दान देताना हातावरून पाणी सोडतात न, तसं.”

अरुणकुमारने पुन्हा कागदाकडे बघितलं. पहिली ओळ. दुसरी. तिसरीवर आला आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“नवीन पाहून घ्या,” तो पुटपुटला. “अरे देवा. हे मी तुमाले लिहिलं?”

“तुम्हीच.”

तो स्टुलावर बसला.  मग हळूहळू त्याने मान वर केली, आणि तिला कळलं की तो प्रश्न आता येणार, आणि तो टाळायला खोलीत जागा नाही.

“मग तुमी कशावर पाणी सोडलं?”

ती खिडकीकडे वळली नाही. आज तिला वळायचं नव्हतं.

“तुमच्यावर,” ती म्हणाली.

तो उठून उभा राहिला. दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. “म्हणजे सोडण्याआधी... काही धरलेलं होतं?”

“धरल्याशिवाय सोडता येते काय?”

“कधीपासून?”

“कोपर धुतला काय म्हणून विचारलं तेव्हापासून, असं म्हणणार नाही मी. तेव्हा राग आला होता.” ती थांबली. “गंगेच्या गडूपासून.”

तो हसला. मग एकदम गंभीर झाला. देवाधर्मातलं त्याला कमी कळे आणि हिला सगळं कळतं, हे त्याला ठाऊक होतं. “सोडलेलं पाणी परत घेता येत नाही न?” त्याने विचारलं. “तुमच्यात तसं चालत नाही.”

“नाही चालत.”

“मग?”

“पण त्यासाठी आधी पाणी हातात घ्यावं लागते. पळीभर. मग नाव घेऊन, मनातून संकल्प करून सोडावं लागते.” तिने दोन्ही तळवे त्याच्यापुढे उघडे धरले. “मी फक्त कागदावर लिहिलं. हात कोरडेच होते.”

त्या कोरड्या तळव्यांवर अरुणकुमारने आपला दुखरा हात ठेवला. जपून, कोपराने पाणी बघावं तसा... आधी बोटांची टोकं, मग सगळा. बाहेर तेजराम कोणाशी तरी बोलत होता. ती हात काढून घेणार होती. घेतला नाही.

तो म्हणाला की आईशी शुक्रवारीच बोलून झालं आहे. आई तर विचारून राहिली आहे की ती बाई येईल कधी. भय्याजींनाही बरोबर आणायचं; लग्नानंतर त्यांनी कुठे राहायचं ते त्यांनीच ठरवावं, भिलाई-तीनला की सेक्टर पाचच्या त्यांच्या घरी, टबापाशी दोन्हीकडून येता येतं. आणि आज संध्याकाळी तो भय्याजींना चिठ्ठी लिहून...

“चिठ्ठी नाही,” कमलिनी म्हणाली. इतक्या ठामपणे की तो गप्प झाला. “आता कोणी कोणाले काही लिहायचं नाही. बाबांना मी आज सांगते. आणि तुमच्या आईले जे उत्तर द्यायचं, ते मी स्वतः येऊन, तोंडाने देते. उद्या सकाळी.”

“एकट्या याल?”

“एकटी येईन.”

“मुलीकडून मुलगी एकटी येत नसते,” तो हसत म्हणाला.

“मी येते,” ती म्हणाली. आणि नळ सोडला, कारण नऊ वाजत आले होते.

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितलं. सगळं, चिठ्ठ्यांसकट. भय्याजी इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी पंचांगातून पोस्टकार्ड काढलं. त्यावर वर्ध्याच्या मंडळींची खुशाली विचारली होती, थंडीचं लिहिलं होतं, गुडघ्यांचं लिहिलं होतं. होकाराचा शब्द कुठेच नव्हता. “तुझा आवाज काल फार शांत होता,” ते म्हणाले. “तू खरंच शांत असली की एवढी शांत नसते. म्हणून थांबलो. कृष्णरावाकडे उद्या मी जातो, मोहन नगरले. मी त्यांना समजावून सांगतो.”

मंगळवारी सकाळी तिने तुळशीला पाणी घातलं, पूजा केली, स्तोत्र म्हटलं. एकाही ओळीची घाई केली नाही. वडिलांचं जेवण झाकून ठेवलं. मग जांभळ्या काठाची, आईची पांढरी साडी नेसली, कपाळावर कुंकू नीट गोल केलं, आणि चपला घातल्या. भय्याजी ओट्यावर बसले होते. फाटकापर्यंत येऊ का, त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

रस्त्यावर पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून निघाली होती. कमलिनीने पदर खांद्यावरून घेतला, फाटक आवाज न करता लोटलं, आणि भिलाई-तीनला जायला पावर हाउसच्या बसकडे चालू लागली.